शाकाहारी लेबनीज जेवण आणि 1916 सालची भूक

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका जेवणाच्या टेबलापासून करतो.

आम्ही राहतो नोएडात. श्रावणातली गोष्ट. आमच्या जवळच्या मॉलमध्ये एक नवीन लेबनीज रेस्टॉरंट उघडलं होतं. बाहेर मोठी पाटी, हिरवा ठिपका आणि 'शुद्ध शाकाहारी'. माझी पत्नी माळकरी घरातली, ती बारा महिने शाकाहारी. मी आणि मुलगा फक्त श्रावणापुरते. सगळ्यांना चालेल असं ठिकाण म्हणून आम्ही तिथे गेलो. पाटी वाचून मुलगा म्हणाला, "बाबा, शाकाहारी लेबनीज म्हणजे मासे नसलेली मालवणी खानावळ."

मी हसलो. मेनूकार्ड उघडलं तर पहिल्याच पानावर त्याच्या बाजूचा पुरावा सापडला: 'पनीर शिश ताऊक'. शिश म्हणजे सळई. ताऊक हा मूळ तुर्की शब्द तावुक, म्हणजे कोंबडी. थोडक्यात काय, आमच्यासमोर 'सळईवरची पनीर-कोंबडी' येणार होती. मुलाला सांगितल्यावर तो म्हणाला, "बघा, मी काय म्हणत होतो?"

पण खालच्या ओळी वाचत गेलो आणि गप्प झालो. हम्मस, मुतब्बल, तब्बुले, फलाफल, मुजद्दरा. यातल्या एकाही पदार्थाला शाकाहारी करावं लागलेलं नव्हतं. आज त्या घराघरांत ते असेच बनतात. मला बावीस वर्षांपूर्वीचं एक घर आठवलं. तिथूनच पुढे जाऊ.

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना दक्षिण लेबनॉनमध्ये मार्च 1978 पासून आहे. तिचं नाव युनिफिल. भारतीय बटालियन तिथे नोव्हेंबर 1998 मध्ये पहिल्यांदा गेली. बटालियनचं मुख्यालय इब्ल-अस-साकी नावाच्या गावाजवळ. डोंगराळ भाग, ऑलिव्हच्या बागा, समोर हरमोन पर्वतावरचा बर्फ. गावात ख्रिस्ती आणि द्रुझ अशी मिश्र वस्ती. भारतीय बटालियनचे डॉक्टर तिथल्या लोकांना तपासत आणि आमचे जनावरांचे डॉक्टर त्यांच्या गायी-शेळ्या बघत. मी तिथे असताना, 2003 च्या मार्च महिन्यात, एका घरची अडलेली गाय आमच्या डॉक्टरांनी सोडवली. त्या घरच्या आजीबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं.

आमच्याबरोबर एक सुभेदार होते, मंगळवेढ्याकडचे, माळकरी. जाताना रस्त्यात ते मला म्हणाले, "साहेब, मी मटण खात नाही म्हटलं तर त्या माउलीला वाईट वाटेल. मी गाडीतच बसतो." मी म्हटलं, चला तर खरं, बघू काय ते. घरात गेल्यावर दुभाष्याकरवी आजीबाईंना हळूच सांगितलं की हे मांस खात नाहीत, अंडंही खात नाहीत, धार्मिक कारण आहे. आता चेहरा पडेल असं वाटलं होतं. आजीबाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "मग आज आमच्या घरी कोण खातंय? आमचे उपास चालू आहेत!"

ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस होते. जुन्या रीतीने पाळणारी तिथली ख्रिस्ती घरं त्या काळात मांस खात नाहीत, दूध-लोणी-चीजसुद्धा नाही. या उपासाला अरबी शब्द 'सौम' किंवा 'सियाम', आणि उपासाला चालणारं जेवण ते 'सियामी'. आमच्यासमोर जे आलं ते सगळं सियामी. तेलात शिजवून गार केलेल्या घेवड्याच्या शेंगा. मसूर आणि तांदळाचा मुजद्दरा, वर तळलेला कांदा. चाकवतासारखी पालेभाजी आणि मसूर घातलेलं आंबट सार, त्यात दलियाचे छोटे गोळे. या साराला 'किब्बत राहिब' म्हणतात, म्हणजे साधूबुवांची किब्बे. एरवी किब्बे हा तिथला मानाचा पदार्थ, कुटलेलं मटण आणि दलिया यांचा. मठातल्या साधूंची किब्बे बिनमटणाची. हे सार खास करून गुड फ्रायडेला करतात. बिनमटणाच्या किब्बेचा आणखी एक प्रकार आहे, 'किब्बत हिले'. हिले म्हणजे युक्ती, फसवाफसवी!

सुभेदारांनी तीन वेळा मुजद्दरा मागून घेतला. प्रत्येक वेळी आजीबाई "सहतेन" म्हणत, म्हणजे 'दुप्पट आरोग्य लाभो'. परत येताना सुभेदार म्हणाले, "साहेब, ही तर आपली मसुराची खिचडी. फक्त फोडणी नाही."

तेव्हा पहिला मुद्दा असा. लेबनॉनच्या स्वयंपाकघरात शाकाहार हा पाहुण्यासाठी केलेला जुगाड नाही. तो त्यांच्याच पंचांगातून आलेला आहे, जसा आपल्याकडे श्रावण आणि चातुर्मास. आणि तो आजचाही नाही. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक नावाच्या माणसाने पाककृतींचा एक मोठा ग्रंथ तयार केला. त्यात बिनमांसाच्या पदार्थांची वेगळी प्रकरणं आहेत. ते पदार्थ दोघांसाठी: आजाऱ्यांसाठी आणि उपास करणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी. त्यांना नाव दिलं आहे 'मुझव्वरात', म्हणजे 'खोटे पदार्थ', मांसाची नक्कल करणारे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी बगदादमध्येही माझ्या मुलासारखं बोलणारे लोक होते, आणि तरी त्या पदार्थांना ग्रंथात मानाची जागा होती.

मुजद्दराचं नावही गमतीचं आहे. त्याचा अर्थ 'देवीचे व्रण असलेला'. पांढऱ्या भातात मसुराचे ठिपके दिसतात म्हणून. 1226 साली बगदादमध्येच अल-बगदादी याने लिहिलेल्या पाकग्रंथात हा पदार्थ आहे, आणि त्यात मांस घातलेलं आहे. पुढे मांस गेलं, नाव राहिलं.

आता दुसरा मुद्दा. आपल्या ताटात आणि त्यांच्या ताटात काय कुठून आलं, ते बघू.

हरभरा मूळचा तिकडचा. त्याचा रानटी पूर्वज आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सापडतो. सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी त्या पट्ट्यात माणसाने गहू, जव, मसूर आणि हरभरा पिकवायला सुरुवात केली. ही पिकं हळूहळू पूर्वेकडे सरकत सिंधूच्या खोऱ्यात आली आणि पुढे आपल्याकडे. 'हम्मस' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी हरभरा.

तीळ मात्र आपल्या उपखंडातला. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तिळाचे दाणे सापडले आहेत. तो पश्चिमेकडे गेला आणि अरबांच्या हाती त्याचं ताहिनी झालं, म्हणजे भाजलेल्या तिळाची पातळ चटणी. हम्मसमध्ये हरभरा त्यांचा आणि तीळ आपला. आता संक्रांतीचं सुगड आठवा. त्यात हरभऱ्याचे घाटे असतात, तीळ असतात, उसाचे करवे असतात. हम्मसचं सामान आपण मातीच्या सुगडात भरून शेजारणीला वाण म्हणून देत आलो आहोत. नाव तेवढं माहीत नव्हतं.

वांगंही आपल्याकडून गेलेलं. संस्कृतात 'वातिंगण', त्याच्याशी जोडलेलं फारसी 'बादिंगान', त्यापासून अरबी 'बाझिंजान'. मुतब्बल म्हणजे विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं भरीतच, शेंगदाण्याच्या कुटाऐवजी ताहिनी घातलेलं. संस्कृत 'शर्करा' अरबीत 'सुक्कर' झाली, मराठीत साखर. आणि आपली चिंच? तिला अरब लोक म्हणतात 'तम्र हिंदी', हिंदुस्थानी खजूर. दमास्कस-बैरूतच्या रस्त्यांवर चिंचेचं सरबत याच नावाने विकतात.

मग 'हे खरं लेबनीज नाही' असं म्हणणारा माणूस नक्की कशाबद्दल बोलतो? आपल्या एकादशीचं ताट घ्या. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, यातलं प्रत्येक पीक अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळानंतर इथे आलेलं. तरी ते खाल्ल्याने एकादशी मोडत नाही. पदार्थ कुठून आला यावरून उपास ठरत नाही. आपण काय सोडलं आणि का सोडलं, यावरून ठरतो.

इथे मला थांबावं लागतं, कारण हा 'का सोडलं' प्रश्न आमच्या घरात शंभर वर्षं पडून आहे.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. आम्ही सातारा जिल्ह्यातले. ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले आणि परत आले नाहीत. ते कधी गेले ती तिथी कुणाला माहीत नाही, म्हणून त्यांचं पान आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला वाढतात. लहानपणी मला सांगितलेली गोष्ट एवढीच: "ते कूटला होते. त्यांनी घोडा खाल्ला नाही."

कूट-अल-अमारा हे टायग्रिस नदीच्या वळणातलं गाव. डिसेंबर 1915 मध्ये मेजर जनरल टाउनशेंड यांची 6 वी पुणे डिव्हिजन बगदादच्या दारातून मागे हटत तिथे आली आणि 7 डिसेंबरला तुर्की फौजेने वेढा घातला. या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. देशावरची आणि कोकणातली पोरं. वेढा फोडायला आलेल्या फौजा पुन्हा पुन्हा परतवल्या गेल्या. धान्य संपत आलं तेव्हा तोफा आणि गाड्या ओढणारे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली.

गोरे शिपाई खाऊ लागले. बहुतेक हिंदी शिपायांनी नकार दिला. इथे एक गैरसमज काढून टाकतो. ते सगळे शाकाहारी नव्हते. मराठा शिपाई मटण खातच असे. पण घोडा वेगळा. माझ्या मनाला पटणारं कारण सांगतो: आमच्याकडे घोडा हे खंडोबाचं वाहन, दसऱ्याला त्याची पूजा होते. ज्याला ओवाळलं त्याला कापून खायचं? शिवाय गावी परत गेल्यावर जातीबाहेर टाकतील ही भीती होती, आणि त्या काळात ती खोटी नव्हती. टाउनशेंड यांनी बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. ती आली, तरी पुष्कळांनी ऐकलं नाही. शिपाई रानातला पाला गोळा करून शिजवत. ताजं अन्न नाही, त्यामुळे स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजायच्या, जखमा भरायच्या नाहीत. विमानातून पिठाची पोती टाकण्याचाही प्रयत्न झाला, जगातल्या अशा पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. एप्रिलमध्ये, अगदी शेवटी शेवटी, अनेकांनी घोडा खाल्ला. 29 एप्रिल 1916 रोजी कूट पडलं. नोकर-चाकर धरून सुमारे 13 हजार माणसं कैद झाली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. हिंदी शिपायांपैकी बरेच जण रास-अल-ऐनला, आजच्या सीरिया-तुर्कस्तान सीमेवर, रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले.

आमचे आजोबा त्यात कुठे गेले, ठाऊक नाही. वडील ती गोष्ट अभिमानाने सांगत. मी फौजेत अधिकारी झाल्यावर मला तिचा राग यायचा. माझ्या जवानाने असं केलं असतं तर मी त्याला हुकूम दिला असता की खा आणि उभा राहा. उपाशी शिपाई पहारा देऊ शकत नाही, हे लष्करी सत्य आहे. पण पुढे जसजसं वाचत गेलो, तसा दुसराही प्रश्न दिसू लागला. ज्या सैन्याने या लोकांना परमुलखात नेलं, त्या सैन्याने ते काय खातात याचा विचार आधी केला होता का? शांततेच्या काळात हिंदी शिपाई तेव्हा पदरच्या पगारातून जेवत असे. त्याला फुकट रॅशन मिळू लागलं ते 1917 मध्ये, कूटच्या पुढच्या वर्षी. आज आमच्या फौजेत शाकाहारी जवानाचा रॅशनचा वेगळा हिशेब असतो, मांसाऐवजी जास्तीचं दूध मिळतं. लंगरमध्ये हा हिशेब कुणाच्या लक्षातही येत नाही, इतका तो नेहमीचा झाला आहे. पण तो आपोआप झालेला नाही. अशा पोटांची किंमत त्यामागे आहे.

आणि आता त्याच 1916 सालातलं लेबनॉन. त्या वर्षी तिथला डोंगराळ मुलूख उपाशी मरत होता. वसंत 1915 मध्ये टोळधाड आली आणि झाडाचं पान उरलं नाही. दोस्त राष्ट्रांच्या आरमाराने समुद्रकिनाऱ्याची नाकेबंदी केलेली. तुर्की सरकारने धान्य आणि जनावरं सैन्यासाठी उचललेली. उरलेल्यावर साठेबाज बसलेले. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे 2 लाख लोक मेले असा अंदाज आहे. म्हणजे डोंगरातल्या लोकसंख्येतला तिसरा हिस्सा तरी नक्की, काहींच्या मते निम्मी. आपण ज्यांना वाचत आलो ते खलील जिब्रान याच डोंगरातले. ते तेव्हा अमेरिकेत होते आणि तिथे स्थापन झालेल्या मदत समितीचे सचिव म्हणून पैसे गोळा करत होते. एकीकडे पुण्याची डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात उपाशी, दुसरीकडे इंग्रजांच्या नाकेबंदीत लेबनॉनची बायका-मुलं उपाशी. भुकेला शत्रू-मित्र कळत नाही.

दोन वर्षांनी या दोन गोष्टी एका रस्त्यावर भेटतात. 23 सप्टेंबर 1918 रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांनी हैफा जिंकलं. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकातले तीन शिपाई त्याच मोहिमेतल्या संस्थानी घोडदळाचे. चौकाचं नाव 2018 मध्ये 'तीन मूर्ती हैफा चौक' झालं. त्यानंतर 7 वी मेरठ डिव्हिजन हैफाहून समुद्रकाठाने उत्तरेला निघाली. नाकूराजवळ कड्यावरची वाट इतकी अरुंद की ती फोडून रुंद करावी लागली. युनिफिलचं मुख्यालय आज त्याच नाकूरा गावात आहे. सूर, सैदा ही शहरं ओलांडत शीख, पंजाबी, गुरखे 8 ऑक्टोबरला बैरूतमध्ये शिरले. नाव मेरठचं, जे आज दिल्लीच्या एनसीआरमध्ये मोडतं. हे सैन्य भुकेने अर्ध्या झालेल्या मुलखात पोचलं. बंदरं उघडली आणि धान्य येऊ लागलं.

इब्ल-अस-साकीच्या त्या आजीबाईंनी जेवताना एक गोष्ट सांगितली होती. त्यांची आई म्हणायची, सफर-बरलिकच्या काळात लोक जनावरांच्या शेणातले न पचलेले जवाचे दाणे वेचून खात. सफर-बरलिक हा त्या युद्धाला आणि त्या उपासमारीला तिथे लोकांनी दिलेला शब्द. "म्हणून माझ्या घरात पाहुण्याला 'काय खात नाहीस' हे आधी विचारतात," असं त्या म्हणाल्या. "ज्याच्याकडे काही नसतं त्याला कुणी हे विचारत नाही."

हे वाक्य मी बावीस वर्षं बरोबर घेऊन फिरतोय. काय खायचं नाही हे ठरवता येणं हा भरल्या पोटाचा अधिकार आहे. कूटमध्ये काही माणसांनी तो अधिकार रिकाम्या पोटीही सोडला नाही. ते बरोबर होते की हट्टी, याचा निवाडा एअर कंडिशन्ड मॉलमध्ये बसून मी करणार नाही. मुलाला मी एवढंच सांगितलं. त्याने शिश ताऊकची प्लेट बाजूला सारली आणि मुजद्दरा ओढून घेतला. पत्नीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "याला जिऱ्याची फोडणी हवी होती." मंगळवेढ्याच्या सुभेदारांची आठवण झाली.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तुमच्या घरात कुणी पहिल्या महायुद्धात गेलं असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो, पैसे पडत नाहीत. बसरा इथल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती. अधिकाऱ्यांची नावं होती, शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि आकडा. 2021 मध्ये कमिशनने हा भेदभाव मान्य करून माफी मागितली. मी आमच्या आजोबांचं नाव शोधलं. त्या नावाचे तीन शिपाई निघाले. गाव एकाचंही जुळलं नाही. त्यामुळे यंदाही पान सर्वपित्रीलाच वाढायचं.

तुमच्याकडे कूटची एखादी चिठ्ठी, पेन्शनचं पुस्तक, बिल्ला असेल तर जपून ठेवा आणि घरातल्या मुलांना दाखवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.